एका ठोकळ्यात चौघे

तन्वी मॅडमनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता की मी उभ्या उभ्याच होकार देऊन टाकला.

"मामा, तुमच्या वेळच्या सगळ्या वह्या माळ्यावर आहेत. त्या काढा आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर ज्या गाठी येतात, तेवढ्या वेगळ्या करा. कुठली गाठ जास्त लोकांना होते, कुठली कमी, एवढंच हवंय मला."

म्हटलं, त्यात काय अवघड! आठ दिवसांत देतो. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मॅडम दिसल्या की मी पावसापाण्याचं बोलायला लागतो. अशातच या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा, लोकांना माहीत नसलेलं. आता मलाच माहीत नसलेलं इतकं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

तर मी जाधव. कोल्हापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पस्तीस वर्षं टेक्निशियन होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. टेक्निशियन म्हटलं की लोक बाही वर सारून हात पुढे करतात. पण मी रक्ताचा टेक्निशियन नव्हे, मांसाचा. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बाटलीतून आमच्याकडे येतो. तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा नासू न देणाऱ्या औषधात मुरवायचा, मग स्पिरिटमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मग पातळ मेणात बुडवून त्याचा ठोकळा पाडायचा आणि तो ठोकळा यंत्रावर लावून इतका पातळ कापायचा की फुंकर मारली तर काप उडून जावा. तो काप काचेवर घेऊन गुलाबी-निळा रंगवला की माझं काम संपलं. पुढचं काम डॉक्टरबाईंचं. डॉक्टरबाई म्हणजे लॅबच्या मालकीण, तन्वी मॅडमच्या आई. त्या दुर्बिणीत बघायच्या आणि एका ओळीत माणसाचं भवितव्य लिहायच्या. त्या ओळीआधीची सगळी मेहनत माझी होती, हे मी लग्नकार्यात कुणी विचारलं तर सांगायचो. फारसं कुणी विचारायचं नाही.

आमच्याकडे बाटली आणायचा रिवाज मोठा मजेशीर होता, अजूनही आहे. डॉक्टर ऑपरेशन करतात आणि बाटली नातेवाइकाच्या हातात देतात, 'जा, लॅबमध्ये देऊन ये.' मग तो नातेवाईक ती बाटली घेऊन गावभर फिरतो. एकानं फॉर्मलिनचा वास सहन होईना म्हणून ते ओतून टाकून बाटलीत अत्तर भरून आणलं होतं. एका बाईनं तुकडा नासू नये म्हणून चार दिवस फ्रीजमध्ये दुधाच्या भांड्याशेजारी ठेवला. एका म्हातारबुवांनी तुकडा परत मागितला. मी म्हटलं, काय करणार? तर म्हणाले, "माझाच डोळा हाय की, पंचगंगंत सोडतो. म्येल्यावर डोळा शोधत फिराय नगं." मी त्यांना मेणाचा रिकामा ठोकळा दिला. हे बाईंना कधी सांगितलं नाही.

डोळ्याचे तुकडे सगळ्यात लहान. तांदळाच्या कणीएवढे, तेही कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ. बाटलीत नुसते टाकले तर गुंडाळून जातात, म्हणून डोळ्याचे डॉक्टर ते कागदाच्या कपट्यावर पसरून पाठवतात. वर नाव पेन्सिलीनंच लिहायचं, कारण शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. पहिल्याच वर्षी मी पेननं लिहिलेली अकरा नावं धुऊन घालवली होती आणि बाईंनी मला दिवसभर पेन्सिलींना टोक काढायला बसवलं होतं.

आता त्या गाठींबद्दल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पारदर्शक पातळ कातडी असते, तिच्यावर बरंच काही उगवतं. सगळ्यात जास्त येतं ते मांस. नाकाच्या बाजूनं बुबुळावर सरकत जाणारा लालसर त्रिकोण तुम्ही शेतकऱ्यांच्या, रस्त्यावरच्या कामगारांच्या डोळ्यांत पाहिला असेल. ती काही खरी गाठ नाही, ऊन-वारा-धुळीची करणी आहे. मग तीळ. डोळ्यावरही तीळ असतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी. मग चामखिळीसारखा तुरा. लहान मुलांत जन्मजात पांढरी गाठ असते, कधी तिच्यावर केसही उगवतात. असं एक बाळ घेऊन आलेली आजी मला म्हणाली होती, "न्हाव्याकडं न्यावं का डाक्टरकडं, तेच कळंना बगा." आणि या सगळ्यांमध्ये गुपचूप बसलेला असतो तो त्या कातडीचाच कॅन्सर. आपल्याकडच्या उन्हात राबणाऱ्या माणसांत काळा कॅन्सर क्वचित, हा पांढुरका त्यापेक्षा जास्त. पण तोही किती जास्त?

इथंच माझी गाडी अडते. वह्या उघडल्या तर कॅन्सर भरपूर दिसतात. म्हणजे कोल्हापुरात डोळ्याचे कॅन्सर भरपूर आहेत का? तर नाही. साधं मांस काढलं की बरेच डॉक्टर ते सरळ कचऱ्यात टाकतात, आमच्याकडे पाठवतच नाहीत. संशय आला तरच बाटली येते. तीळ कुणी काढतच नाही, तो माणसाबरोबर शेवटपर्यंत जातो. म्हणजे माझ्या वहीत आहे ते लोकांना काय होतं हे नव्हे, डॉक्टरांना कशाची भीती वाटली हे आहे. त्यात एकाच माणसाचं तिसऱ्यांदा उगवलं तर वहीत तीन माणसं. माहेरच्या नावानं एकदा आणि सासरच्या नावानं एकदा आलेली बाई म्हणजे दोन बायका. मी रकाने आखले, खोडले, पुन्हा आखले. बायको म्हणाली, "निवृत्त झालाय की बढती मिळाल्या?"

आणि मग आठ वर्षांपूर्वीच्या वहीत ती ओळ आली. निदान लिहिलंय: कॅन्सर, सुरुवातीचा. नावाच्या रकान्यात रेघ.

"मामा, ही कोण?" तन्वी मॅडमनी विचारलं. त्यांचं बोट त्या रेघेवर होतं. त्या तेव्हा शिकायला बाहेरगावी होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "चौघांतलं एक."

त्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच इथं सांगतो.

डोळ्याचे एक डॉक्टर असे होते की काढलेलं प्रत्येक मांस आमच्याकडे पाठवायचे. नियमानं. आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, साधं मांस. एवढ्याएवढ्या कणीसाठी अख्खा ठोकळा, अख्खी काच, तेवढीच मेहनत. मी बाईंना म्हटलं, दोघांचे तुकडे एका ठोकळ्यात घालू का? दोन टोकांना दोन. बाई नाखुशीनंच हो म्हणाल्या. पुढं मी दोनाचे चार केले. चार कोपऱ्यांत चार. पहिल्या कोपऱ्याशी चौघांची नावं क्रमानं पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी मेणातच रोवायची आणि तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणं मोजायचं: एक, दोन, तीन, चार. मला माझ्या या अकलेचा अभिमान वाटायचा. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. चारचं मी बाईंना सांगितलं नव्हतं. एका काचेवर चार दिसले तर त्या समजायच्या, दोघांचे दोन-दोन आहेत. मी कागदही आधी दोघांचेच पुढं करायचो, उरलेल्या दोघांचे नंतर.

त्या दिवशी ठोकळा घाईनं थंड केला आणि त्याला चीर गेली. असं होतं. मेण पुन्हा वितळवायचं आणि ओतायचं. वितळवलं तर चारही कण्या आणि चिठ्ठी एकमेकांत मिसळून तरंगायला लागल्या. मी चिमट्यानं एकेक उचलून पुन्हा चार कोपऱ्यांत ठेवल्या. कुठली कुठल्या कोपऱ्यातली, कोण जाणे. माझ्या मनात आलेलं वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं: 'सगळी साधीच तर असतात, कुणाची कुठं गेली म्हणून काय बिघडतंय.'

दुपारी बाईंनी दुर्बिणीतून डोकं वर काढलं. "जाधव, तिसऱ्या कोपऱ्यातलं जरा खोल कापून दे. मला हे बरं दिसत नाही."

मी कापून दिलं. अजून खोल, म्हणाल्या. अजून दिलं. पातं सगळ्या ठोकळ्यावरून फिरतं, त्यामुळं शेवटी चारही कोपऱ्यांत नुसतं मेण उरलं. बाईंनी मान हलवली आणि अहवालाचा कागद पुढं ओढला. "हा तिसरा कुणाचा?"

माझ्या चिठ्ठीप्रमाणं तिसरा म्हणजे सीमेजवळच्या गावचे कापड दुकानदार बसाप्पा. मी सांगितलं. त्या लिहायला लागल्या. मी बाहेर येऊन जेवणाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. कुणालाही कळणार नव्हतं. बसाप्पांना कळलं असतं की आपल्याला कॅन्सर आहे, आणि उरलेल्या तिघांना कळलं असतं की आपल्याला नाही. चारातल्या तीन वेळा हे खोटं ठरलं असतं. मी आत गेलो आणि बाईंचा पेन धरला.

सगळं ऐकून बाईंनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार का घातलेस?"

"सगळी साधीच निघतात म्हणून, बाई."

"साधीच निघतात हे आपल्याला कोण सांगतं, जाधव? आपणच ना?"

 आज कुणी म्हणेल, तपासण्या असतात, तुकडा कुणाचा हे कळतं. पण ठोकळ्यात कुणाचाच तुकडा उरला नव्हता. खोल कापताना मीच ते संपवले होते. बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, झालेलं सगळं सांगितलं, चूक लॅबची आहे असं म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. ठरलं असं की चौघांनाही खरं सांगायचं, चौघांचे डोळे तपासायचे, आणि पुढं दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. ज्याचा असेल त्याचा परत उगवला तर लवकर सापडेल. लवकर सापडला तर छोट्या ऑपरेशननं आणि थेंबांनी जातो. उशीर झाला तर डोळा जातो, आणि कधी त्याच्याही पुढं जातं.

फोन केले, तर कुणी यायला तयार होईना. कॅन्सर शब्द ऐकून दोघांनी फोन ठेवला. मग मी बाईंना म्हटलं, मी जातो.

पहिला गेलो शिवाजी पेठेत, रंगरावांकडं. जुना फुटबॉलचा खेळाडू, तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना शिकवायचा, सगळा जन्म उन्हात मैदानावर. कट्ट्यावर बसले होते. मी सांगितलं.

"म्हंजे माजं हाय का न्हाय ते तुमास्नी ठावं न्हाय?"

"नाही."

"मग सांगाय काय आलाय, पावणं?"

"हेच सांगायला."

त्यांनी सरकून मला शेजारी बसवलं. मग कट्ट्यावरच्या पोरांना म्हणाले, "ह्यास्नी चा सांगा. ह्यो रेफ्री गोल झाला का न्हाय ते इचारायला खेळाडूच्या घरी आलाय." पोरं हसली. 

दुसरा विजय, कागल पंचतारांकित एमआयडीसीत वेल्डिंग करणारा, तिशीच्या आतला. गेटवर भेटला. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लग्नाला चालंल का?" बसाप्पा दुकानात गादीवर होते. "यप्पा!" कानडीत म्हणाले, कपाळावरच्या भस्माला हात लावला आणि मला पाणी दिलं. "चौघांत एक म्हणताय. मग देवानं निवडलं न्हाय अजून." मी म्हटलं, अण्णा, देवानं निवडलंय, मी पुसून टाकलंय. ते म्हणाले, "असं बोलू नये."

चौथ्या कोडोलीच्या आक्काताई. साठीच्या आसपास, घरची म्हशी-वैरण, रानातली भांगलण सगळं अंगावर. मी बांधावर उभा राहून सांगत होतो आणि त्या खुरपं थांबवत नव्हत्या.

"तुमी कापणारं?"

"हो."

"मिसाळलं तुमी?"

"हो, आक्काताई."

"आन मग सांगाय बी तुमीच आलाय?" खुरपं थांबलं. "बरं केलासा. दुसरा आला आस्ता तर शिव्या घातल्या अस्त्या."

चौघं आले. चौघांच्याही डोळ्यांत काही दिसलं नाही, जखमा स्वच्छ होत्या. डॉक्टर म्हणाले, येत राहा. आणि ते येत राहिले, दर सहा महिन्यांनी, एकाच दिवशी, कारण तारखा मीच घेऊन द्यायचो. आधी एकमेकांकडं चोरून बघायचे. दुसऱ्याच्या डोळ्यात काही दिसलं तर आपण सुटलो, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर वाचता यायचा. त्याची लाजही वाटायची बिचाऱ्यांना. मग आक्काताई दुधातल्या दशम्या आणायला लागल्या, बसाप्पा चिरमुऱ्यांचा चिवडा आणायला लागले, आणि तो बाक सहलीला आल्यासारखा दिसायला लागला. रंगराव म्हणायचे, आमची टीम पाच जणांची हाय, पाचवा हा जाधव, ह्याला लाल कार्ड दावलंय, पण बाहेर जाईना.

दुसऱ्या वर्षी विजय बाकावर मान घालून बसला होता. ठरत आलेलं लग्न मोडत होतं. मुलीकडच्यांना कुठून तरी कळलं होतं.

आक्काताईंनी मला बाजूला घेतलं. "त्या वहीत माजं नाव लिवा."

"कसं लिहू? माहीत नाही कुणाचं आहे."

"म्हून तर म्हणतोय की. कुनाचं बी आसंल. माजं म्हना. माज्या पोरांची लगनं झाली, नातवंडं झाली. मला काय घोड्यावर बसायचंय? तिगं सुटतील."

"आणि त्यांच्यातल्या एकाचं असलं तर? तो यायचा बंद होईल. त्याचा डोळा जाईल, आक्काताई."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आन न्हाय लिवलं तर त्या पोराचा जनम जाईल. तुमी सांगा काय करायचं ते."

 मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "खोटं लिहायचं नाही." मी रेघ तशीच ठेवली. पण आक्काताई कुणाच्या परवानगीसाठी थांबणाऱ्या नव्हत्या. त्या एसटीनं नवरीच्या गावी गेल्या, त्यांच्या पुढच्या सोप्यात बसल्या आणि म्हणाल्या, ते दुखणं माजं हाय, लॅबवाल्यानं सांगितलं मला. लग्न झालं. आम्ही सगळे जेवायला होतो. मांडवात आक्काताईंनी तिघांनाही तेच सांगितलं आणि मी लाडू खात राहिलो.

पुढच्या तारखेला विजय आला नाही. रंगरावांनी निरोप धाडला, 'आक्काचं हाय न्हवं? मग माजा येळ का घालवायचा?' बसाप्पा एकटे येत राहिले. म्हणाले, आक्का देवमाणूस हाय, पण देवमाणसं खोटं बोलतात.

मला झोप लागेना. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, म्हटलं, मला एवढंच शिकवा की काय दिसलं तर घाबरायचं. त्यांनी शिकवलं. बुबुळाच्या कडेला, पांढरं संपतं तिथं, साबुदाण्यासारखा पांढुरका ठिपका, त्याच्याकडं धावणाऱ्या लाल शिरा. दिसलं तर मत द्यायचं नाही, माणूस घेऊन यायचं. मी एक टॉर्च घेतली. तेव्हापासून दर तीन-चार महिन्यांनी रविवारी माझी फेरी असते. पेठेत कट्ट्यावर, कागलला विजयच्या दारात, बसाप्पांच्या दुकानात, कोडोलीला गोठ्यात. वर बघा, खाली बघा, नाकाकडं बघा. विजयच्या पोरीला वाटतं मी हाच खेळ खेळायला येतो, ती आधी स्वतःचा डोळा पुढं करते. निवृत्त झालो, बाईंनी लॅब मुलीच्या हाती दिली, पण फेरी चालू राहिली. रंगराव म्हणतात, "तुमाला दुसरं काम न्हाय." खरंच नाही.

इथवर मी तन्वी मॅडमना सांगितलं होतं. त्यांनी ती रेघ तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "मामा, मी ही मोजायची का नाही?" आम्ही दोघंही ते ठरवू शकलो नाही.

त्यानंतर गेल्या थंडीत कोडोलीला गेलो. आक्काताई म्हशीखाली बसल्या होत्या. धार संपवून आल्या, पदरानं तोंड पुसलं, वर बघितलं. मी टॉर्च लावली. डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, ठिपका. शिरा.

मत द्यायचं नाही, म्हणून मी टॉर्च तशीच धरून ठेवली. पण त्यांनी माझं तोंड वाचलं.

"आलं न्हवं?"

"उद्या डॉक्टरांकडं जाऊ."

"म्हनलंतं की मी, माजंच हाय!" त्यांचा चेहरा असा उजळला की मी दचकलो. "आता सांगा समद्यांस्नी. रंगरावाला आदी सांगा."

आणि खरं सांगतो, मलाही आनंद झाला. आठ वर्षं छातीवर बसलेलं ओझं उतरलं. एका बाईला कॅन्सर परत आलाय आणि मी गोठ्यात उभा राहून खूश होतोय. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की मी टॉर्च बंद करायचीच विसरलो.

ऑपरेशन झालं. छोटंसं, थेंब दिले, नजर शाबूत राहिली. तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. मी निवृत्त असूनही मॅडमना म्हटलं, हा मी कापतो. एका ठोकळ्यात एक. चिठ्ठीवर मी पेन्सिलीनं नाव दोनदा लिहिलं. मॅडमनी दुर्बिणीत बघितलं आणि मान हलवली, तोच, सुरुवातीचा.

मी जुनी वही घेऊनच उभा होतो. पेन्सिल कानावर. "आता रेघेवर नाव लिहू ना?"

 त्यांनी आईसारखाच चष्मा काढला.

"मामा, हे जुनंच परत आलं की नवीन उगवलं, हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षं उन्हात रानात काम केलंय त्यांनी. नवीनही येऊ शकतं."

"म्हणजे ते जुनं दुसऱ्या कुणाचं असू शकतं?"

"असू शकतं."

"आणि यांचंही असू शकतं?"

"जास्त शक्यता तीच. पण लिहिण्याइतकी नाही."

मी वही मिटली. बाहेर आलो तर बाकावर आक्काताई डोळ्यावर पट्टी लावून बसलेल्या. म्हणाल्या, "लिवलं न्हवं?" मी म्हटलं, लिवलं. पस्तीस वर्षांत लॅबच्या दारात बोललेलं ते माझं पहिलं खोटं असेल असं वाटलं होतं, पण मग म्हातारबुवांचा रिकामा ठोकळा आणि बाईंपुढं केलेले ते कागद आठवले.

पुढच्या रविवारी पेठेत गेलो. आक्काताईंनी माझ्याआधीच फोन केलेला होता. कट्ट्यावर रंगराव, त्यांच्याशेजारी कागलहून मुद्दाम आलेला विजय, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बसाप्पा. बसाप्पांनी पुडा उघडला होता, पण कुणी हात लावला नव्हता. त्यांना आनंद करायचा होता आणि आक्काताईंच्या पट्टीमुळं करता येत नव्हता. तिघंही माझ्याकडं बघत होते.

"जाधव," रंगराव म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच थट्टा न करता हाक मारली. "आमी सुटलो न्हवं?"

मी तोंड उघडलं. हो म्हणावं असं फार वाटलं. आक्काताईंनी दोनदा स्वतःला पुढं केलं होतं ते या एका शब्दासाठीच. विजयच्या खांद्यावर त्याची पोर बसली होती.

मी खिशातून टॉर्च काढली.

"रंगराव," मी म्हटलं, "वर बघा."